गार पाण्याचा अदमास

मासा थंड रक्ताचा असतो हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याचा अर्थ मात्र डिसेंबरात नदीकाठी गळ टाकून दोन तास बसल्यावरच कळतो. माशाचं शरीर स्वतःची ऊब धरून ठेवत नाही. पाणी जितकं गार, तितका तो गार. पाणी उतरत विसाच्या खाली गेलं की रोहू आणि कतला यांची भूक मंदावते, पचन मंदावतं आणि मासा उथळ पाणी सोडून डोहाच्या तळाला जातो. अशा वेळी त्याच्या तोंडापुढे कणकेची गोळी नेऊन धरली तरी तो तिच्याकडे बघत नाही.

यात एक गंमत आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे थंडीत आमच्या माशाला श्वास भरपूर असतो आणि भूक नसते. ट्राउट नावाच्या माशाचं नेमकं उलट आहे. त्याला हा श्वासच हवा असतो. दहा ते सोळा अंशांत तो मजेत राहतो, विसाच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो. आमच्या रोहूला जिथे हुडहुडी भरते तिथे ट्राउटला उकडायला सुरुवात होते. हे दोन्ही मासे मी थंडीत गळाला लागताना पाहिले आहेत. त्यामुळे हवामान बदलतंय म्हणजे नेमकं काय होतंय, हा प्रश्न माझ्यासाठी आलेखांपेक्षा या दोन पाण्यांमधून जास्त सुटत गेला.

आमचं कळंब यवतमाळहून वर्ध्याच्या रस्त्यावर, चक्रवती नदीच्या काठी आहे. बाहेरच्यांना ते चिंतामणीमुळे माहीत असतं. गणपतीचा गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली, पायऱ्या उतरून. तिथलं पाणी दर बारा वर्षांनी चढून मूर्तीच्या पायांना लागतं अशी श्रद्धा आहे. त्यामुळे पाणी कुठवर आलं याकडे लक्ष ठेवायची सवय गावाला जुनीच.

नदीकडच्या आळीत एक आबाजी राहतात. माझ्या नात्यातले नाहीत, पण मी त्यांना आबाजीच म्हणतो. भोई समाजाचे. जाळं त्यांनी आयुष्यभर टाकलं, आता खांदे दुखतात म्हणून गरी टाकतात. वेळूची काठी, तंगूस, धांड्याच्या भेंडाचा तरंगा आणि कणकेत थोडी हळद. थंडीत ते सकाळी जातच नाहीत. उन्हं चांगली वर आल्यावर, अकराच्या सुमाराला निघतात आणि चारला परततात. जायच्या आधी घाटावर उकिडवं बसून हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवतात. मी लहानपणी विचारलं होतं, हे काहून करता? म्हणाले, "पानी सांगते ना बापा, आज बसाचं का नाही."

पाणी त्यांना फक्त माशाचंच सांगायचं असं नाही. उत्तरेचा वारा चार-सहा दिवस टिकला, रात्री आभाळ निरभ्र राहिलं, तर जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पाणी रोज थोडं थोडं उतरतं. मासा तळाला जातो आणि तिथेच राहतो. आबाजींचा हिशेब असा, की मासा एकदा नीट खाली बसला की पुढचे आठ-दहा दिवस कोरडे. उलट आभाळ आलं, की रात्रीची थंडी तुटते आणि मासा वरच्या पाण्यात हालचाल करू लागतो. ढग बरेच दिवस टिकले, वारा पडला, की सकाळी मासे वर तोंड काढून भकाभका पाणी गिळताना दिसतात. ऊन नसल्यामुळे पाण्यातल्या शेवाळाकडून प्राणवायू मिळालेला नसतो, हे त्याचं कारण. आबाजी ते कारण सांगत नसत. ते म्हणायचे, "पानी आजारी हाये."

या अदमासावर लोक वागायचे. कापसाचा वेचा कधी घ्यायचा, सोंगलेली तूर शेतात किती दिवस राहू द्यायची, हे विचारायला दोन-तीन शेतकरी हमखास त्यांच्या ओट्यावर यायचे. फुकटचा सल्ला होता. पण त्यामागे माणूस होता आणि तो माणूस दुसऱ्या दिवशीही त्याच ओट्यावर बसलेला असायचा.

२०२१ च्या डिसेंबरात मी घरून काम करत होतो. महिनाअखेर आमच्या शेजारच्या काकांनी तूर सोंगून वावरात ढीग घालून ठेवली होती. मोबाइलवर पावसाचा इशारा आला होता, तोही त्यांनी पाहिला होता. तरी ते आबाजींना विचारायला गेले. आबाजींनी पाण्यात हात घातला, मासा खाली आहे म्हणाले, राहू द्या म्हणाले. २८ डिसेंबरला विदर्भात अनेक ठिकाणी पाऊस आणि गारपीट झाली. आमच्या बाजूला गारा फार नव्हत्या, पण तुरीचे ढीग भिजायला पाऊस पुरेसा होता.

पाऊस उघडल्यावर आबाजी कोणी न बोलावता काकांच्या वावरात गेले. चार दिवस जात राहिले. ढीग फोडायचे, पेंढ्या उलट्या-पालट्या करायच्या, बुरशी आलेल्या वेगळ्या काढायच्या. काका नको म्हणत होते, मजुरी द्यायला बघत होते. त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. त्यानंतर मात्र कोणी विचारायला आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "माह्या सांगन्यात आता काही दम नाही राह्यला. मोबाइलात पाह्य ना."

यात आबाजींचं काय चुकलं, याचा मी नंतर बराच विचार केला. हिवाळ्यातला पाऊस विदर्भाला नवा नाही. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारं आलं, की दोन्ही मध्य भारतावर भेटतात आणि कोसळतात. जुन्या लोकांनी अशा गारा पाहिलेल्या आहेत. पण माझ्या आठवणीतल्याच तारखा मांडून पाहिल्या. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च, महाराष्ट्रभर गारपीट. २०१८ चा फेब्रुवारी, पुन्हा मराठवाडा आणि विदर्भ. त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंश, तिथल्या नोंदींतला नीचांक. २०२१ चा डिसेंबर. २०२३ चा फेब्रुवारी, देशाचं सरासरी कमाल तापमान पाहिलं तर १९०१ पासूनचा सर्वांत गरम. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर राज्यभर अवकाळी पाऊस. ही यादी "थंडी कमी झाली" एवढंच म्हणत नाही. इकडेही टोक आहे आणि तिकडेही.

माझ्या कामात याला एक नाव आहे. आपण एखादं मॉडेल जुन्या माहितीवर शिकवतो आणि नंतर जगच हलतं. मॉडेलमध्ये बिघाड झालेला नसतो. ज्या जगावर ते शिकलं ते जग मागे राहिलेलं असतं. आम्ही अशा वेळी नवी माहिती ओततो आणि ते पुन्हा शिकवतो, दोन दिवसांत काम होतं. साठ हिवाळ्यांवर शिकलेल्या माणसाला पुन्हा शिकवायला साठ हिवाळे लागतात, आणि तेही एकमेकांसारखे असावे लागतात.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात कंपनीने मला तीन महिन्यांसाठी अमेरिकेत डेन्व्हरला पाठवलं. तिथला एक सहकारी दर शनिवारी साउथ प्लॅट नदीवर मासेमारीला जायचा. मी नदीकाठचा आहे हे कळल्यावर त्याने मलाही गाडीत घातलं. दीड तासाच्या रस्त्यावर डेकर्स नावाची वस्ती आहे. कडेला बर्फ, मध्ये काचेसारखं पाणी आणि त्यात छातीपर्यंत रबरी विजार घालून उभी असलेली माणसं.

फ्लाय फिशिंग म्हणजे खोट्या माशीने मासा पकडणं. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून किडा बनवायचा. त्याला वजन नसतं, त्यामुळे तो फेकता येत नाही. फेकायची असते ती जड दोरी. ती हवेत मागे-पुढे झुलवून पाण्यावर पसरायची आणि तिच्या टोकाशी माशी अलगद जाते. थंडीत तिथे पाण्यावर जवळजवळ फक्त चिलटं निघतात, म्हणून माशीही तेवढीच लहान. गळाचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. आमचा गळ बाविसाचा होता, ज्वारीच्या दाण्यात लपेल एवढा. मासा संथ, खोल जागी पडून असतो आणि घासासाठी वीतभरही हलत नाही. त्यामुळे माशी वाहत वाहत थेट त्याच्या तोंडापुढून जावी लागते. आणि वेळ? सकाळी अकरा ते दुपारी तीन. हे ऐकून मी हसलो. आबाजींना कोणी इंग्रजीत बोलायला लावलं असतं तर ते हेच बोलले असते.

फरक दुसरीकडे होता. निघायच्या आधी सहकाऱ्याने पाण्यात हात घातला नाही, फोन काढला. वरच्या चीझमन धरणातून किती क्युसेक सोडलंय, पाण्याचं तापमान किती, सगळं ताजं. मी विचारलं, हीच जागा का? तो म्हणाला, इथे पाणी धरणाच्या तळातून येतं. तळाचं पाणी हवेच्या नादी लागत नाही. बाहेर उणे पंधरा असो की अचानक अधिक पंधरा, नदी गोठत नाही आणि तापतही नाही. मोकळ्या नद्यांवर त्याच्या वडिलांना थंडीचा अंदाज होता, त्याला राहिलेला नाही. म्हणून तो धरणाखाली येतो.

तो दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याबद्दल बोलत होता. २०२१ साली डेन्व्हरला पहिला बर्फ पडायला १० डिसेंबर उजाडला, तिथल्या नोंदींतला सर्वांत उशिराचा. वसंतातल्या पावसाने गवत उंच वाढलेलं, मग ते महिनोन् महिने वाळलेलं. ३० डिसेंबरला बोल्डरजवळ त्याला आग लागली आणि सोसाट्याच्या वाऱ्याने काही तासांत हजाराहून अधिक घरं जळाली. दुसऱ्या दिवशी त्या राखेवर बर्फ पडला. मी मनात तारीख पाहिली. आमच्याकडे तूर भिजली त्यानंतर दोन दिवसांनी. या दोन घटनांचा एकमेकींशी धागा जोडायचा माझा दावा नाही. पण एकाच आठवड्यात जगाच्या दोन टोकांना, थंडीत काय होतं हे ठाऊक असलेली माणसं आपापल्या अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत होती.

मला दोन ट्राउट लागले, दोन्ही सोडले. हात पाण्यात ओले करूनच मासा धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, हे त्याने मला शिकवलं. पण तो दिवस आठवताना मला धरणाचंच जास्त आठवतं. बाहेरचा ऋतू भरवशाचा राहिला नाही म्हणून माणसं भरवशाचं पाणी शोधत भिंतीच्या आडोशाला गेली.

आमच्याकडेही तेच झालं आहे. आमच्या बाजूची मासेमारी आता बरीचशी बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणात आणि तलावांत असते. तिथे बोटुकली सोडली जाते. रोहू, कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन साधलं आणि माशाला पावसाची वाट पाहायची गरज उरली नाही. त्यामुळे गावोगावच्या ताटात मासा आला. मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त त्या मासेमारीला आबाजींचा हात लागत नाही.

हवामान खात्याचा अंदाज आबाजींपेक्षा बरोबर असतो, हे मी मान्य करतो. २०२१ मध्येही तोच बरोबर होता. पण तो कोणाचा नसतो. तो चुकला तर ढीग उलटायला कोणी येत नाही, आणि बरोबर आला तर कोणाच्या ओट्यावर बसून चहा होत नाही. आबाजींचा अदमास गेला तेव्हा गावातून माहिती गेली नाही, ती तर वाढली. त्या माहितीची जबाबदारी घेणारा एक माणूस कमी झाला.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीवर गेलो तेव्हा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा एक थर्मामीटर आणि शंभर पानी वही नेली. आबाजींनी आधी हात घातला आणि म्हणाले, कालच्याहून गार. थर्मामीटरही तेच म्हणाला, एका अंशाचा फरक. त्यांना तो खेळ आवडला. मग आम्ही रकाने आखले. तारीख, पाणी, आभाळ, वारा, मासा वर की खाली. मी पुण्याला परतल्यावर त्यांची नातवंड ते भरत राहिली. पहिल्या पानावर "१९ अंश, आभाय, मासा वर" असं नातीच्या वळणदार अक्षरात आहे.

शेवटचा रकाना मी "अदमास" म्हणून ठेवला होता. तीन आठवडे तो कोरा होता. आबाजी सगळं सांगायचे आणि तिथे आलं की काठी उचलून घरी निघायचे. संक्रांतीनंतर एका संध्याकाळी नातीने फोनवर वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यांनी त्या रकान्यात "परवा आभाय येईन" असं लिहायला लावलं होतं. तिने पेन उचललं तेव्हा त्यांनी अडवलं.

"पेन्सिलनं लिही," म्हणाले.