पायाखालचे पार्ले

अमरकोशाच्या पुरवर्गात उपनगरासाठी ‘शाखानगर’ असा एक सुंदर शब्द आहे. मूळ नगराहून निराळे वसलेले, तरी फांदीप्रमाणे त्याच्याशीच जोडलेले, ते शाखानगर. त्याच्या थोडे पुढेच कोशकाराने पेठेचे शब्द दिले आहेत: आपण, विपणि, पण्यवीथिका. मुलांकडून हा वर्ग पाठ करवून घेताना या शेजाराकडे आमचे कधी लक्ष गेले नाही. साठी उलटल्यावर बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला, तेव्हा मात्र ध्यानात आले की, वस्ती आणि पेठ ही कोशात जितकी जवळ आहेत तितकी आमच्या दारात उरलेली नाहीत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याबाहेरील एका मोठ्या संकुलात राहावयास गेलो. घर प्रशस्त, हवा, उजेड, बाग, लिफ्ट, कशासही नाव ठेवावयास जागा नव्हती. परंतु फाटकाबाहेर पाऊल टाकले की समोर वाहनांचा अखंड प्रवाह. वाण्याचे दुकान पलीकडे, देऊळ त्याहून पलीकडे, आणि मध्ये रस्ता ओलांडावयाचा तो जीव मुठीत धरून. आमच्या मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. जुन्या बिऱ्हाडी त्या रोज सकाळी काठी टेकीत देवळात जात, येताना फुले आणि भाजीची एखादी जुडी आणीत. संकुलात आल्यापासून त्यांचे जाणे मुलांच्या मोटारीवर आणि मोटार मुलांच्या सवडीवर अवलंबून राहिली.

एका संकष्टीस दूर्वा आणावयाच्या राहिल्या. आमच्या थोरल्या चिरंजीवांनी दूरध्वनीवर दोनचार वेळा बोट फिरविले आणि थोड्याच वेळात पुडी दारात हजर झाली. “बघ आजी, काही अडलं का?” असे त्याने मोठ्या कौतुकाने विचारले. मातोश्री म्हणाल्या, “दूर्वा आल्या रे बाळा, पण मला जायचं होतं.” त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींपाशी विषय काढला, तेव्हा त्यांच्याही मनात तेच घोळत असल्याचे दिसले.

घर पाहावयाचे तर कसोटी कोणती लावावी? पुष्कळ विचारान्ती आम्ही नऊ कामांची यादी केली: दूध, भाजी, दळण, औषध, टपाल, चपलेची शिलाई, इस्त्रीचे कपडे, वाचनालय आणि देऊळ. ही नऊही कामे रिक्षा न करता, हातात पिशवी घेऊन, मातोश्रींच्या चालीने व्हावयास हवीत. त्यांच्या चालीने दहा मिनिटांत सुमारे चारशे मीटर अंतर काटते. गंमत अशी की, १९२९ साली क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यासाठी आदर्श शेजारवस्ती कल्पिली. तिच्या मध्यभागी शाळा असावी आणि घरे तेथून सुमारे पाव मैलाच्या आत असावीत, असे त्यांनी ठरविले होते. पाव मैल म्हणजे चारशे मीटरच! मुलाच्या पायांस आणि वृद्धाच्या पायांस एकच माप लागू पडावे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटले.

दोनतीन उपनगरे पाहून झाल्यावर एके दिवशी सकाळी आम्ही उभयता विलेपार्ल्यास गेलो. ठाण्याहून घाटकोपर, तेथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरी, आणि पुढे लोकलने एक स्थानक. पूर्वेस उतरलो तो भाजीबाजार समोरच. ओली हळद, अळूची पाने, केळफूल, दूर्वांच्या जुड्या. सौभाग्यवतींची पिशवी स्थानकाच्या सावलीतच अर्धी भरली. पुढे निघालो तो गिरणीच्या पिठाचा वास आला. गल्ल्या आखूड, एकीतून दुसरीत निघणाऱ्या; घरांच्या तळमजल्यावर वाणी, शिंपी, औषधवाला; वर गॅलरीत वाळत घातलेली धोतरे आणि पातळे. नऊपैकी आठ कामे दीड तासात, मध्ये पार्लेश्वराचे दर्शन घेऊन, उरकली. चांभार तेवढा त्या दिवशी बसला नव्हता.

हे कोणा एकाच्या बुद्धीने घडलेले नाही. ही वस्ती वाढली ती आगगाडीच्या आधाराने. कचेरीस जाणाऱ्या गृहस्थास स्थानकापर्यंत पायी जावे लागे. मोटार कोणापाशी नव्हती. म्हणून घरे स्थानकाच्या टप्प्यात झाली आणि घरांच्या वाटेवर दुकाने आली. पश्चिमेस लोहमार्ग व पूर्वेस महामार्ग, यांमधील पट्टी जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे. विमानतळ लागूनच असल्याने इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. त्यातच येथील लोकांनी संस्था उभारल्या त्या घरांच्या मध्ये. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय निघाले; १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. मुले शाळेस चालत जात, वडीलधारे व्याख्यानास चालत जात, आणि त्या चालण्यातच ओळखी होत. १९२९ साली सुरू झालेला बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद पडला. त्या भाजणीचा गोड वास आता येत नाही, असे एका वृद्ध दुकानदाराने आम्हांस खेदाने सांगितले.

तथापि पार्ले म्हणजे नंदनवन, असा वाचकांचा समज होऊ नये. सायंकाळी सात वाजता आम्ही मुद्दाम पुन्हा त्याच वाटेने फिरलो, तेव्हा सकाळचे चित्र पालटले होते. पदपथावर निदान १.८ मीटर वाट मोकळी असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. येथे कित्येक ठिकाणी दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत. कोठे फरशी उखडलेली, कोठे दुचाकी आडवी लावलेली. डोक्यावरून विमान गेले की बोलणे थांबवावे लागते. जुनी घरे पाडून नवी बांधण्याचे काम गल्लोगल्ली चालले आहे. नव्या इमारतींचे खालचे मजले वाहनतळाने व्यापले की गिरणी आणि शिंपी जावयाचे कोठे? ज्या गुणासाठी लोक येथे घर घेतात, तोच गुण त्या घरांच्या पायाखाली गाडला जाईल की काय, अशी आम्हांस भीती वाटते.

आणि किंमत! ठाण्याची जागा विकली असती तरी येथे निम्मेच घर मिळाले असते. घरी चर्चा झाली, ती नेहमीप्रमाणे गोडीने झाली असे म्हणवत नाही. थोरल्या सूनबाईंचे कचेरीचे काम घरूनच चालते. त्या म्हणाल्या, “बाबा, आजींचं मला पटतं. पण दार लावून बसता येईल अशी एक खोली मला हवीच.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. धाकट्याने मुलाच्या शाळेचा विचार करून पार्ल्याच्या बाजूने कौल दिला. मातोश्री मात्र म्हणाल्या, “माझ्यासाठी घर मोडू नका.”

शेवटी घर मोडले नाही, पण त्याच्या दोन चुली झाल्या. थोरले चिरंजीव कुटुंबासह ठाण्यासच राहिले. मातोश्री, आम्ही उभयता आणि धाकट्याचे कुटुंब असे सहाजण पार्ल्यास एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने आलो. तीन खोल्या, अकरा महिन्यांचा करार, आणि इमारत पाडण्याची बोलणी चालू. रविवारी सर्वजण एका पंक्तीस जेवतात. इतर दिवशी पंक्तीत तीन पाने कमी असतात, आणि ती उणीव मातोश्रींच्याच तोंडून अधिक ऐकू येते. चालत्या वाटेची किंमत आम्ही केवळ भाड्यात मोजलेली नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

घर शोधणाऱ्या वाचकांस अनुभवाने एवढेच सुचवावेसे वाटते. खोल्या मोजण्यापूर्वी रोजच्या कामांची यादी करावी आणि ती पायी करून पाहावी. एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीस, आणि शक्य तर भर पावसात. बरोबर घरातील सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत लहान माणसास न्यावे. तरुणाच्या पायांस सर्वच वस्त्या जवळच्या वाटतात.

गेल्या संकष्टीस मातोश्री सकाळीच बाहेर पडल्या. आमचा सात वर्षांचा नातू सोबत होता; कोण कोणास सांभाळीत होते, कोण जाणे. पाऊण तास झाला तसा आमचा जीव खालीवर होऊ लागला. एवढ्यात दोघे परतली. हातात दूर्वांची जुडी, पिशवीत अर्धा डझन केळी. इतका उशीर का, असे विचारता मातोश्री म्हणाल्या, “अरे, भाजीवालीच्या सुनेला मुलगी झाली. नाव सुचवा म्हणत होती.” मग चष्मा पुसून त्यांनी आम्हांसच विचारले, “तुझ्या कोशात एखादं चांगलं नाव आहे का रे?” आम्ही कोश काढावयास उठलो.