गोबी मंचुरीचे आजोळ

बेळगाव असो की निपाणी, संध्याकाळ झाली की गोबी मंचुरीच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. कोणी मराठीत मागतो, कोणी कन्नडात. नाव चिनी वाटले तरी हा पदार्थ चीनमधून आलेला नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सांगितले जाते. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि मंचुरी आपल्या गल्लीत पोचली. म्हणजे तिचे आजोळ कोलकाता! एका चर्चासत्राच्या निमित्ताने त्या शहरात जाण्याचा योग आला, तेव्हा तिथली चिनी वस्ती पाहायचीच असे ठरवून टाकले.

या वस्तीचा इतिहास अडीचशे वर्षांच्या घरातला आहे. टोंग अछू नावाचा चिनी व्यापारी १७७८ च्या सुमारास बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ जमीन दिली. तिथे त्याने चिनी कामगार आणून साखरेचा कारखाना काढला. कारखाना टिकला नाही, पण त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याची चिनी कुटुंबे आपल्या मूळ पुरुषाला वंदन करायला तिथे जातात.

नंतर आलेल्यांनी शहरात लालबाजारजवळ टिरेटा बाजार परिसरात बिऱ्हाडे थाटली. टिरेटा हे नाव मात्र एका इटालियन गृहस्थाचे! चिन्यांतही प्रांतानुसार धंदे वाटलेले होते. कँटनकडचे सुतारकामात निष्णात, हुपेहकडचे दातांचे वैद्य, तर हाक्का लोक चामड्याच्या व्यवसायात. बेंटिंक स्ट्रीटवरची त्यांची जोड्यांची दुकाने प्रसिद्ध होती.

टिरेटा बाजार पाहायचा तर रविवारी पहाटे उठावे. पोद्दार कोर्टाजवळ सहाच्या सुमाराला पातेल्यांतून वाफा निघू लागतात. मोमो, सारण भरलेले पाव, माशांच्या गोळ्यांचे सूप असा थाट असतो. आठ-साडेआठला सगळे आटोपते. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. तिथे एक आजी गिऱ्हाइकाशी बंगालीत, लेकीशी हाक्कात आणि माझ्याशी हिंदीत बोलत होत्या. घरात एक भाषा आणि दारात दुसरी, हे आपल्याकडच्या कोणालाही लगेच ओळखीचे वाटावे.

जवळच चिनी देवळे आहेत. गंमत म्हणजे स्थानिक लोक त्यांना ‘चर्च’ म्हणतात. १९०५ सालचे सी इप हे त्यांतले एक. तुंग ऑन देवळाच्या तळमजल्यावर एके काळी नानकिंग हे नामांकित रेस्टॉरंट होते. शहराच्या पूर्वेला टांगरा ही हाक्कांची दुसरी वस्ती. तिथे पूर्वी चामडी कमावण्याचे कारखाने होते. प्रदूषणामुळे ते हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. बरेच कारखाने बंटाला येथे गेले आणि टांगऱ्यात रेस्टॉरंटे वाढली. इथल्या चिनी कालीमंदिरात देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात!

एवढे सगळे असूनही वस्ती ओसरत चालली आहे. एके काळी शहरात वीस हजारांच्या आसपास चिनी होते; आज त्याचा लहानसा हिस्सा उरला आहे. याचे मोठे कारण १९६२ चे युद्ध. आसाम, दार्जिलिंग आणि इतर ठिकाणच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकराबाळांनाही, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत खटल्याविना ठेवले गेले. शेवटचे काहीजण १९६७ मध्ये सुटले. त्यांच्यातले अनेकजण भारतात जन्मलेले होते. कोलकात्यात राहिलेल्यांवरही पोलिसांची नजर होती. शहराबाहेर जायचे तर परवानगी लागे. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे टोरांटोसारख्या शहरांत निघून गेली. १९६९ मध्ये सुरू झालेले ‘सिओंग पाव’ हे चिनी दैनिकही २०२० मध्ये बंद पडले.

“तुम्ही नेमके कुठले?” हा प्रश्न आपल्या भागातल्या माणसालाही नवा नाही. पण आपल्याला त्यासाठी घरदार सोडून छावणीत जावे लागले नाही. देवळीला नेलेल्या चिनी वंशाच्या लोकांना जावे लागले, आणि ज्या सीमेमुळे हे घडले ती त्यांच्यातल्या बहुतेकांनी पाहिलीही नव्हती. लढाईत कोणाची बाजू घेतली, हे त्यांना कोणी विचारले नाही. आडनाव आणि चेहरा पुरला.

कोलकात्याला जाल तेव्हा दक्षिणेश्वर, बेलूर जरूर पाहा. पण एक रविवारची सकाळ टिरेटा बाजारासाठी राखून ठेवा. मुलांना सोबत न्या, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोला. विचारले तर ती मोकळेपणी बोलतात, आणि पहिले उत्तर बहुधा एकच असते: आम्ही कोलकात्याचे.