महागडे तेल आणि मधला रस्ता

माझा भाचा सोलापुरात घरोघरी पार्सल पोहोचवतो. शंभर सीसीची गाडी, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. गाडी एक दिवस बंद, तर त्या दिवसाची कमाई बंद. गेल्या महिन्यात त्याने विचारले, "मामू, फुल सिंथेटिक डालूं क्या?" त्याने इंजिनाचे आयुष्य दुप्पट होते, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. साध्या तेलापेक्षा किंमत दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. ज्या घरात पगार पंचवीस तारखेपर्यंत पुरत नाही, तिथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

आपल्या समाजाचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात जा, उस्तादच्या हाताखाली वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी पाना धरलेली आपली पोरे गॅरेजमध्ये भेटतील. इंजिनाच्या आवाजावरून ती दुखणे ओळखतात. पण डब्याच्या मागची बारीक अक्षरे त्यांना कुणी समजावून सांगितलेली नसतात. गिऱ्हाईकही समोरचे मोठे अक्षर आणि किंमत एवढेच पाहते. खरी माहिती मागच्या बाजूला असते.

आधी आकडे. १०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो ते. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी बुलेटला १५डब्ल्यू-५०. उन्हाळा कडक आहे म्हणून छोट्या इंजिनात मनानेच जाड तेल ओतणे बरोबर नाही. ते इंजिन कुठल्या दाटपणासाठी बनवले आहे, ते बनवणाऱ्याने पुस्तिकेत लिहून ठेवलेले असते.

आता 'जासो'. ही जपानी खूण मोटारसायकलवाल्याने पाठच करावी. आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. क्लचच्या प्लेटांना एकमेकींना घट्ट पकडायचे असते, म्हणून तेल फार निसरडे असून चालत नाही. 'एमए' किंवा 'एमए२' लिहिलेले तेल या ओल्या क्लचसाठी असते. 'एमबी' हे ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरसाठी. चारचाकीच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात. ते कितीही उंची असले तरी मोटारसायकलमध्ये क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, गाडी मात्र पळत नाही. म्हणजे महागडे तेल टाकून गाडी बिघडवणे सहज शक्य आहे.

आणि 'सिंथेटिक' म्हणजे तरी काय? मूळ तेलाचे पाच गट मानले जातात. पहिले दोन खनिज तेलाचे. तिसराही खनिज तेलापासूनच निघतो, पण त्यावर फार खोलवर प्रक्रिया केलेली असते. चौथ्या गटातले तेल रसायनांपासून घडवलेले असते आणि एस्टरसारखी तेले पाचव्यात येतात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा वाद झाला. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तंटा मंडळाने म्हणायला हरकत नाही असा कौल दिला. तेव्हा दोन डब्यांवर एकच शब्द असला तरी आतला माल एकच असेल असे नाही.

सिंथेटिकचे गुण खरे आहेत. ते थंडीत लवकर वाहते, उष्णतेत कमी उडून जाते आणि उशिरा खराब होते. सोलापुरात कडाक्याच्या थंडीचा प्रश्न नाही, पण चाळीस अंशांच्या उन्हात, सिग्नलला थांबत-थांबत, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला दुसऱ्या गुणाचा उपयोग होतो. मात्र घासलेल्या रिंगा कुठलेच तेल बरे करत नाही.

इस्लामने उधळपट्टीला, म्हणजे इसराफला, आणि कंजुषीला दोन्हींना नापसंत केले आहे. मधला रस्ता सांगितला आहे. तो जेवणखाण आणि लग्नकार्यापुरताच आहे असे मला वाटत नाही. इंजिनाला गरज नसताना दुप्पट पैसे ओतणे हा इसराफ आहे, आणि दोनशे रुपये वाचवायला काळेठिक्कर, निम्मे उरलेले तेल महिनोन्‌महिने चालवणे ही कंजुषी. घराची रोजी ज्या गाडीवर चालते, ती एक अमानतच आहे.

म्हणून भाच्याला मी असे सांगितले: पुस्तिकेतला ग्रेड, जासो एमए, आणि सीलबंद डबा. साधे तेल चालेल. परवडले तर सेमी-सिंथेटिक घे. बदल वेळेवर कर. तुझी गाडी महिन्याला तीन हजार किलोमीटर पळते, त्यामुळे कॅलेंडर बघू नकोस, मीटर बघ. सिंथेटिक टाकले म्हणून पुस्तिकेपेक्षा जास्त ओढू नकोस. दर जुम्म्याला गाडी मेन स्टँडवर लावून तेलाची पातळी पाहा. या इंजिनात तेल असते लिटरभराच्या आसपास; त्यातले पाव लिटर कमी झाले तरी फार झाले.

गॅरेजवाल्या भावांनाही दोन शब्द. कमी मापून देणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरह आहे, ८३ वी, सूरह मुतफ्फिफीन. डब्यात उरलेले तेल गिऱ्हाईकाला न सांगता बाजूला ठेवणे त्याच मापात बसते. रिकामा डबा गिऱ्हाईकासमोर चेपून टाका, म्हणजे त्यात पुन्हा नकली माल भरला जाणार नाही. आणि जळके तेल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. तो गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. ज्या पाण्याने आपण वुजू करतो, ते पाणीही याच जमिनीतून येते.