बादलीत उष्णता नसते!

थर्मोच्या पुस्तकातलं एक वाक्य भल्याभल्यांना आडवं जातं: वस्तूत उष्णता साठलेली नसते. ‘अंगात उष्णता आहे, सब्जा घे’ हे ऐकत वाढलेल्या आपल्याला ते पटणार कसं? माझा रूममेट दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. दोनदा केटी लागली. तिसऱ्यांदा लागली तर वर्ष जाणार, आणि घरून ‘शेती बघ’ असा निरोप आलेला. तो म्हणाला, “मग हे गरम पाणी काय आहे रे?”

बरोबर विचारलं त्याने. म्हणून (रेक्टर सर, क्षमस्व!) कॉइल बादलीत सोडली. १५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १५७० किलोज्यूल, म्हणजे १ किलोवॅटच्या कॉइलला सव्वीसेक मिनिटं. सिस्टीम म्हणून नुसतं पाणी धरलं, तर सीमा ओलांडून आली ती उष्णता. कॉइलसकट धरलं, तर आलं ते विजेचं कार्य! पाणी तेच, आपण आखलेली वेस बदलली.

जूलने तर १८४५ साली वजनं खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवली आणि विस्तवाशिवाय तापमान वाढवलं. पाण्यात वाढते ती आंतरिक ऊर्जा; ती कोणत्या वाटेने आली, हे पाण्याला ठाऊक नसतं. खिशातली नोट घरून आली की उसनी आणली, हे नोटेवर कुठे लिहिलेलं असतं?

मित्र बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे थर्मामीटर उष्णता मोजतच नाही?”

नाही मोजत. दुसरा नियम उद्या रात्री.