उघड्या धातूचा रंग

भारतात आलेल्या पहिल्या मिग-२१ विमानांवर छद्मरंग नव्हता. १९६३ साली ती सुट्या भागांत, खोक्यांत बंद होऊन मुंबईत उतरली. तिथेच त्यांची जोडणी झाली आणि एप्रिलमध्ये ती चंदीगडला उडत गेली. त्यांच्यासाठी तिथे २८ नंबरचं स्क्वाड्रन नुकतंच उभं राहिलं होतं. त्याचे पहिले प्रमुख दिलबाग सिंग पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. मिगच्या पुढच्या मालिका नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच मिग-२१ला निरोप दिला गेला. त्याच सुमाराला मी माझ्या कपाटातलं ट्रम्पीटर कंपनीचं १/३२ प्रमाणातलं मिग-२१ एफ-१३ बाहेर काढलं. पहिल्या तुकडीतली विमानं याच प्रकारची होती.

१/३२ म्हणजे मोठं मॉडेल. नाकापुढची दांडी धरली तर लांबी जवळजवळ अर्धा मीटर आणि पंखांचा पसारा बावीस सेंटीमीटरच्या आसपास. या आकारात झाकायला जागा उरत नाही. त्यात हे विमान उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांच्या विमानावर एखादा ओरखडा खपून जातो. चंदेरी रंग मात्र खालचा प्रत्येक दोष दुप्पट करून दाखवतो, कारण तो प्रकाश परतवतो आणि ओरखड्यावर प्रकाशाची रेघ मोडते. म्हणून या विमानाचं खरं रंगकाम प्रायमरमध्येच होतं.

हे मला पुस्तकाआधी आमच्या नवी मुंबईजवळच्या तळोज्यातल्या, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका कारागिरानं शिकवलं. त्याच्या गॅरेजात उभा राहून मी त्याचा हात बघत असे. तो एकदा म्हणाला, "साहेब, रंग शेवटी मारायचा. आधी आडवा उजेड धरून बॉडी बघायची." तेव्हापासून टेबलावरचा दिवा मी वर टांगत नाही, मॉडेलच्या शेजारी, पंखाच्या पातळीला ठेवतो. धडाच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा, पंख जिथे धडाला मिळतो ती फट, लांबी (पुट्टी) भरून घासलेली जागा, सगळं आडव्या उजेडात सावली टाकतं.

प्रायमरआधी धुणं. प्लास्टिकचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर त्यांच्यावर राहू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. भांडी धुण्याचा साबण आणि कोमट पाण्यानं भाग धुऊन सावलीत वाळवले. मग वॉटर पेपर, आधी ६००, मग १०००, शेवटी २०००. या किटवर रिव्हेटच्या खुणा आणि पत्र्यांच्या रेघा कोरलेल्या आहेत. घासताना त्या बुजू नयेत म्हणून सांध्याजवळच्या रेघा सुईनं पुन्हा कोरून घेतल्या.

एवढं सगळं पावसाळ्याच्या शेवटच्या दिवसांत झालं, पण एअरब्रश तेव्हा हातात घेतला नाही. तळोज्याची हवा पावसाळ्यात पाण्यानं जड असते. लॅकर प्रायमरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प तिथेच धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कॉम्प्रेसरचाही तोच प्रश्न. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि नळीतून थेंब होऊन बाहेर फेकलं जातं. नळीवर वॉटर ट्रॅप असतोच, पण त्याच्यावर सगळा भार टाकण्यापेक्षा हवा कोरडी होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. डिसेंबरात, सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान, इथली हवा या कामाला फार चांगली असते. धुळीसाठी मात्र वेगळी तजवीज लागते, कारण एमआयडीसीच्या रस्त्यांवर ट्रकची वर्दळ कायम असते. खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली, पंखा बंद, आणि मगच झाकण उघडायचं.

काळा मिस्टर सरफेसर १५०० हा प्रायमर घेतला, त्याच्या दुपटीहून थोडा कमी लेव्हलिंग थिनर. हा थिनर सावकाश उडतो, म्हणून थर स्वतःहून सपाट बसायला वेळ मिळतो. सुई ०.३ मिलिमीटरची, दाब साधारण १८ पीएसआय, अंतर साधारण अर्धी वीत. पहिला हात अगदी विरळ, नुसता भुरभुरता. प्लास्टिक खालून दिसत राहिलं पाहिजे. दुसरा हात ओलसर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता. हवा आधी सुरू, रंग नंतर; रंग आधी बंद, हवा नंतर. पंखाच्या बाहेर जाऊनच हात वळवायचा, नाहीतर कडेला ओघळ जमतो. लांबून मारलं तर रंग हवेतच वाळून खरखरीत पडतो, दाब कमी पडला तर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो.

काळा प्रायमर वाळला आणि आडव्या उजेडात धडाच्या पाठीवर सांध्याची एक केसासारखी रेघ उमटली. घासताना बोटालाही ती कळली नव्हती. प्रायमर असा बोलतो. ती भरली, घासली, तेवढ्याच जागेवर पुन्हा प्रायमर मारला आणि रेघ नाहीशी झाली. मग दोन दिवस थांबून सगळं विमान मऊ पॅडनं पाण्यात घासलं, चकचकीत काळा रंग चढवला आणि त्यावर अल्क्लॅड कंपनीचं अ‍ॅल्युमिनियम, १२ ते १५ पीएसआयवर, अतिशय पातळ. खरी विमानं एकाच चंदेरी छटेची नसतात. पत्रा, त्याचा पोत आणि उष्णता यांनी छटा बदलते. म्हणून काही पत्रे मास्किंग टेप लावून गडद केले, शेपटीकडे इंजिनाच्या तोंडाजवळ जळक्या तपकिरी छटेचा धातूचा रंग मारला. पंखांवर केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ बसलं तेव्हा ते माझ्या टेबलावरचं प्लास्टिक राहिलं नाही, चंदीगडच्या धावपट्टीवरचं विमान झालं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एक विनंती. लॅकरच्या थिनरची वाफ विषारीही आहे आणि ज्वलनशीलही. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क तिला अडवत नाही; सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क हवाच. वाफ बाहेर काढणारा पंखा ठिणगी न टाकणारा असावा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नसावी. तळोज्यात रात्रीच्या रासायनिक वासाची तक्रार लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. आपल्या छंदानं शेजाऱ्याच्या घरात आणखी एक वास जाऊ नये, याची काळजी आपणच घ्यायची. मास्क आणि चांगला कॉम्प्रेसर यांतलं एकच परवडत असेल, तर आधी मास्क घ्या.