धरलेलं चाक

पुढच्या उजव्या चाकावर पाण्याचे चार थेंब उडवले, तर तापल्या तव्यावर पडावेत तसा चर्र आवाज आला. डाव्या चाकावरून तेच पाणी निमूट ओघळून गेलं. पन्हाळ्याहून आम्ही नुकतेच घरी पोचलो होतो. वाटेत मला सारखा करपल्यासारखा वास येत होता, आणि आईचं म्हणणं होतं की कुणीतरी रस्त्याकडेला टायर जाळत असेल. उतारावर ब्रेक दाबून तापलं म्हणावं, तर दोन्ही चाकं तापायला हवी होती. शिवाय घाट संपून सपाटीचा रस्ताही बराच झाला होता.

"ब्रेक धरतोय," बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले. फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस. गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत, पण निदान करायला गुडघे लागत नाहीत.

ब्रेक लागत नाही याची भीती सगळ्यांना असते. लागलेला ब्रेक सुटत नाही, ही तक्रार मात्र घरी नेली तर कुणी फार मनावर घेत नाही. गाडी थांबते ना, मग झालं. आमचीही थांबत होती, आणि मीही तेवढ्यावरच खूश होतो. ॲव्हरेज कमी झालंय याला मी दोन महिने पेट्रोलपंपाला बोल लावत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडाचा ओंडका सरकवला, चाक काढलं. आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. वय चौऱ्याहत्तर, उभ्या जन्मात गाडी चालवलेली नाही. "मधलं पॅडल, आई. एकदा दाब आणि सोड." तिने दाबलं, सोडलं. डिस्क हाताने फिरवून पाहिली, हलेना. आता तेल कुठे अडकलंय ते शोधायचं होतं. गाडीच्या अंगावरच्या लोखंडी पाइपला जिथे रबरी होज जोडलेला असतो, तो वरचा जोड आधी सैल केला. दोन थेंब गळले, डिस्क तशीच घट्ट. म्हणजे वरच्या बाजूला दाब नाही. मग खाली डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरवरचा, हवा काढायचा निपल पान्याने पाव आटा फिरवला. काळ्या चहासारखी चिळकांडी थेट माझ्या मनगटावर आली आणि डिस्क मोकळी फिरली. दाब या दोन ठिकाणांच्या मध्ये कोंडला होता, आणि मध्ये होता फक्त वीतभर रबर.

कोड्यात पाडणारी गोष्ट पुढेच होती. होज चोंदला असेल तर ब्रेक लागत कसा होता?

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सांगितलं. त्याचा तो ग्रंथ 1663 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. माल्कम लॉकहीडने ते तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावलं, आणि 1921 च्या ड्यूझनबर्ग गाडीच्या चारही चाकांना तसे ब्रेक आले. जाताना तेलाच्या मागे अख्ख्या माणसाचा पाय असतो, पॅडलच्या तरफेने आणखी वाढवलेला. पण परतताना? कॅलिपरच्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे सरकला की ती जराशी मुरगळते. पाय काढला की ती पुन्हा सरळ होते आणि होता होता पिस्टनला केसभर मागे ओढते. परतीचा जोर तेवढाच. तिथे वेगळी स्प्रिंगसुद्धा नाही. त्यामुळे वाटेत बारीकसा अडथळा असला, तरी जाणारं तेल तो रेटून पार करतं आणि येणारं तेल तिथेच बसून राहतं.

(या ठिकाणी लेखकाला नात्यांवर घसरायचा मोह होतो. मी तो आवरतोय. होज म्हणजे होज.)

माझा पहिला विचार सायकलचा स्पोक घालून वाट मोकळी करायचा होता. स्पोक घेऊन बसलोही. बाबा म्हणाले, "नळ आहे काय तो? आतून फाटलेलं रबर टोचून शिवलं जातं होय?" खरं होतं. टोचलं असतं तर अडकलेला तुकडा निघाला असता, किंवा नसलेला नवा तयार झाला असता, आणि पुढच्या घाटात तोच होज फुटला असता. उद्यमनगरात जाऊन नवीन जोडी आणली. दुकानदाराने डाव्या चाकाचाही घ्यायला लावला. दोन्ही एकाच वयाचे, एक गेला म्हणजे दुसरा वाटेवर असणार.

जुना होज मी सुरीने उभा चिरला. बाहेरून काळाभोर, एक भेग नाही. आत मात्र रबर फुगून भोक काडीएवढं उरलेलं, आणि एक पदर सुटून जिभेसारखा आडवा पडलेला. बाबांनी तो चष्म्याशी धरून बराच वेळ पाहिला. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. खरं तेल त्यात पडलं तर रबराची वाट लागते. ते ग्लायकॉल असतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. डॉट 3 जातीचं नवं असताना 205 अंशांच्या आत उकळता कामा नये, पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. ते दर दोनेक वर्षांनी बदलावं म्हणतात. आमचं किती वर्षांचं होतं, हे बाबांना विचारलं तर ते पेपर वाचू लागले.

नवे होज बसवले, मग हवा काढायचं काम. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं टोक बाटलीतल्या नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं, आणि दोघांनी सूर जुळवायचा. मी म्हणणार "दाब", आई म्हणणार "दाबलं", मी निपल उघडून बंद करणार आणि मगच "सोड". निपल बंद व्हायच्या आत पाय सुटला तर काढलेली हवा परत आत. पहिल्या दोन वेळा आईने माझी वाट न पाहता सोडलं. तिसऱ्यांदा तिने इतकं धरलं की मी "सोड" म्हणून निपल पुसायला लागलो, तरी तिचा आवाज आला, "धरलंय रे." नळीतून बुडबुडे येत राहिले, आधी मोठे, मग मोहरीएवढे, मग नाहीत. मधून मधून बाबा, "मास्टर सिलिंडरची बाटली बघ, रिकामी झाली तर पहिल्यापासून." ती खरंच तळाला आली होती.

चाक बसवलं, जॅक उतरवला, सांडलेलं ब्रेक ऑइल रंगावरून पाण्याने धुऊन टाकलं. आमच्या दारासमोर रस्त्याला नजरेला न दिसणारा उतार आहे. गाडी न्यूट्रलला टाकून मी हँडब्रेक उतरवला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग कुणी न ढकलता ती फाटकाकडे निघाली.

"अरे, धर तिला," बाबा उठत म्हणाले.

आई अजून सीटवरच होती. तिने मधलं पॅडल दाबलं.