जळूचें गोत्र

आजीच्या सुजलेल्या गुडघ्याला जळवा लावीत, तेव्हां मी दाराआड लपत असें. तिला आराम पडे. मला मात्र त्या दिवशीं जेवण जात नसे. बागेंतल्या गांडुळाची किळस कधीं वाटली नाहीं. तें बिचारें माती खाणारें!

जळवांची वर्गवारी आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतानें बारा जाती सांगितल्या : सहा सविष, सहा निर्विष. कपिला, पिंगला, शंकुमुखी हीं नांवें वाचतांना मुलींचें बारसें चालल्यासारखें वाटतें! पण वैद्याचा प्रश्न एवढाच, कीं लावावी कोणती व टाळावी कोणती. प्राणिशास्त्रज्ञ गोत्र विचारतो. जळू आणि गांडूळ, दोघांचेंही शरीर खंडाखंडांचें. अंड्यांसाठीं कोश तयार करणारा कातडीचा पट्टाही दोघांना असतो. तरी त्यांचे वर्ग पुष्कळ वर्षें निराळे मानीत. अलीकडे डीएनए ताडून पाहिल्यावर ठरलें, कीं जळू ही गांडुळांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहे.

परवां पावसांत अंगणांत गांडूळ निघालें. नातवाला म्हटलें, "हा बघ जळूचा चुलतभाऊ." तो चटकन् मागें सरला. मीं तें उचलून तळहातावर घेतलें. तो दाराआडून पाहत राहिला.